ओल्जातोचा जुना टोपो नकाशा: कोणत्या शाईवर किती विश्वास ठेवायचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. फिनिक्सला राहणाऱ्या मामेभावाने जुन्या वस्तूंच्या बाजारातून तुम्हाला एक अमेरिकी टोपो नकाशा, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा रेषांनी दाखवणारा नकाशा, आणून दिला. तो यूएसजीएसचा, म्हणजे तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचा आहे. मॉन्युमेंट व्हॅलीच्या पश्चिमेला, युटाह-ॲरिझोना सीमेला लागून असलेल्या ओल्जातो या वस्तीचा तो भाग. वस्ती नवाहो या तिथल्या मूलनिवासी जमातीची. नकाशा खरोखर जुना आहे का, त्यावरची माहिती कितपत भरवशाची, आणि दिवाळीत तिकडे जाणार आहात तर तो हातात धरून फिरता येईल का, हे तुम्हाला हवंय.

जुने नकाशे स्कॅन करून जीआयएसमध्ये, म्हणजे नकाशांच्या संगणकप्रणालीत, बसवणं हे माझं रोजचं काम, आणि कोलोरॅडो पठाराची पत्रकं त्यात भरपूर येतात. तेव्हा आधी थोडक्यात सांगतो: तपकिरी शाईवर (उंचीच्या रेषा) बिनधास्त विश्वास ठेवा, काळीवर (घरं, वाटा) अर्धा, आणि निळीवर (पाणी) जवळजवळ नकोच. का ते पुढे सांगतो.

आधी वय. नकाशाच्या नावाखाली छापलेलं साल हे छपाईचं साल असेलच असं नाही. खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात विमानातून फोटो कधी घेतले आणि प्रत्यक्ष जागेवर तपासणी कधी झाली ही दोन सालं दिलेली असतात. माझ्या दृष्टीने नकाशाचं खरं वय ते. कागद कधी छापला हे शोधायला तळाची 'विक्रीसाठी' ही ओळ बघा. डेन्व्हर आणि वॉशिंग्टन या नावांपुढे नुसता एक किंवा दोन आकडी क्रमांक असेल, तर ती झिपकोड येण्याआधीची, म्हणजे १९६३च्या आधीची पद्धत. पाच आकडी झिपकोड असेल तर त्यानंतरची. आणि वॉशिंग्टनऐवजी रेस्टन, व्हर्जिनिया असा पत्ता असेल तर १९७०च्या दशकातली किंवा त्यापुढची छपाई, कारण खात्याचं मुख्यालय तेव्हा तिकडे हललं. मॉन्युमेंट व्हॅली ट्रायबल पार्कची, म्हणजे नवाहोंच्या स्वतःच्या उद्यानाची, हद्द दिसत असेल तर नकाशा १९५८ नंतरचा.

प्रमाण तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्यावर बरंच अवलंबून आहे. १:६२,५०० असेल तर ते १५ मिनिटांचं (अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाचं) पत्रक, आपल्या जुन्या 'एक इंची' टोपोशीटच्या (१:६३,३६०) अगदी जवळचं. १:२४,००० असेल तर साडेसात मिनिटांचं. दक्षिण युटाहमधली यातली बरीच पत्रकं १९८०च्या दशकात 'प्रोव्हिजनल' (तात्पुरतं) असा शिक्का मारून निघाली. घाईत काढलेली, नावं हाताने लिहिल्यासारखी. तसं दिसलं तर 'विंटेज' म्हणून फार हुरळून जाऊ नका.

अस्सल की नक्कल हे ओळखायला भिंग पुरतं. जुनी छपाई दगडी छापखान्याच्या वंशातली, लिथोची: प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी, शाई वेगळी. भिंगाखाली समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा) सलग तपकिरी दिसली पाहिजे. ती जर निळ्या-गुलाबी-पिवळ्या ठिपक्यांनी बनलेली दिसली, तर कोणीतरी स्कॅनवरून हल्ली काढलेली प्रत आहे. खऱ्या कागदावर बऱ्याचदा निळी प्लेट केसभर सरकलेली असते आणि ओढा आपल्याच दरीच्या तळापासून किंचित बाजूला वाहताना दिसतो. मला तो दोष आवडतो.

आता रंगांकडे वळू. अकरावी-बारावीला प्रात्यक्षिकात आपण भारतीय सर्वेक्षण विभागाचं टोपोशीट वाचतो, त्यामुळे डोळ्यांना एक सवय लागलेली असते: वस्ती लाल, शेती पिवळी. इथे घर काळं, आणि पिवळा रंग नाहीच. पण खरी फसगत होते ती निळ्या रंगात. आपल्या टोपोशीटवर कोरडा ओढा काळ्या रेघेने दाखवतात आणि पाणी असेल तिथेच निळा रंग येतो. यूएसजीएस दोन्ही निळेच दाखवतं. कोरड्या प्रवाहाची रेघ फक्त तुटक असते: एक डॅश, तीन टिंबं, पुन्हा डॅश. या भागात वर्षाला साधारण २०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माण-खटावच्या निम्माही नाही. ओल्जातो वॉश हा ओढा उत्तरेला सॅन वान नदीकडे जातो आणि नकाशावर चांगला ऐसपैस दिसतो, पण वर्षातले बहुतेक दिवस तो म्हणजे वाळूचा पट्टा. जुलै ते सप्टेंबरच्या वादळी पावसात मात्र तासाभरात पूर येतो, आणि पूर आला की किनाराही सरकतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या फोटोत तो जिथे होता तिथे आज असेलच असं नाही. तिथले प्रवाह किती लवकर बदलतात याचं एक नमुनेदार उदाहरण दक्षिणेला कायेंटा या गावाजवळ आहे. मार्श पास या खिंडीत एकेकाळी खरंच दलदल आणि तळी होती. १९व्या शतकाच्या अखेरीस प्रवाहाने स्वतःचं पात्र खोल कापत नेलं आणि तळी रिकामी झाली. नकाशावर नाव राहिलं.

निळ्या शाईतल्या दुसऱ्या खुणा म्हणजे झरे, विहिरी, टाक्या आणि पवनचक्क्या. वाळवंटातल्या नकाशाचा जीव त्यांच्यातच असतो, म्हणून सर्वेक्षकांनी त्या जपून टिपल्या. रस्ता सांगतानाही माणसं पवनचक्कीचाच आधार घेतात. पण नकाशावर विहीर दिसली म्हणून ते पाणी पिण्याजोगं आहे असं मुळीच समजू नका. नवाहो भूमीवरच्या, सरकारी नियमनाबाहेरच्या अनेक विहिरींत आर्सेनिक आणि युरेनियम मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आहे. ते पाणी जनावरांसाठी आहे. पाणी कायेंटाहून किंवा मॉन्युमेंट व्हॅलीजवळच्या गोल्डिंग्ज या लॉजवरून भरून घ्या.

युरेनियमचा विषय निघालाच आहे तर तपकिरी शाईकडे जाऊ, कारण दोन्हींचा संबंध आहे.

तपकिरी रेषा का विश्वासार्ह? या भागाचं चांगल्या दर्जाचं मापन दुसऱ्या महायुद्धानंतर हवाई छायाचित्रांवरून झालं. एकाच जागेचे दोन कोनांतून घेतलेले फोटो स्टिरिओ यंत्रात घालून, उंचसखलपणा प्रत्यक्ष डोळ्यांना दिसेल असा उभा करून रेषा ओढायच्या. कोकणात किंवा सह्याद्रीत झाडी जमीन झाकते आणि अंदाज बांधावा लागतो. ओल्जातोला झाकायला काहीच नाही. उघडा खडक, कोरडी हवा, लख्ख ऊन. अशा कामासाठी याहून सोयीची जमीन मिळणं कठीण. त्याआधीचे १८८०च्या दशकातले १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे मात्र घोड्यावरून फिरून काढलेले आहेत. त्यांतले डोंगर वळणाला बरोबर आणि तपशिलात ढोबळ. तसला एखादा हाती लागला तर तो भिंतीवर लावायचा.

तुमच्या पत्रकावर होस्किनिनी मेसा शोधा. (मेसा म्हणजे माथ्यावर सपाट, कडेने उभा डोंगर, आपल्याकडचं पाचगणीचं टेबललँड डोळ्यांसमोर आणा.) त्याच्या एका बाजूने बोट खालून वर न्या. पायथ्याशी रेषा सारख्या अंतराने चढतात. तो ऑर्गन रॉक शेलचा, ठिसूळ तांबड्या खडकाचा उतार. मग एकदम सगळ्या रेषा एकमेकींत मिसळून जाड तपकिरी पट्टी होते. तो डी शे वालुकाश्माचा कडा, तीन-चारशे फूट सरळ उभा. रेषांमधलं अंतर ४० फूट धरलं तर दहाएक रेषा अर्ध्या मिलिमीटरच्या आत कोंबलेल्या असतात, म्हणून पट्टी दिसते. पट्टीच्या वर पुन्हा पायऱ्यापायऱ्यांचा मोएनकोपीचा थर, आणि माथ्यावर शिनारम्प या कठीण थराची टोपी. पोस्टरवर दिसणारे मॉन्युमेंट व्हॅलीचे ते सुळके याच क्रमाने बनलेले आहेत. एकदा हा क्रम डोळ्यांत बसला की रेषा बघून खडक सांगता येतो. दक्षिणेकडच्या पत्रकात अगाथला शिखर आहे. तिथे मात्र हा क्रम दिसणार नाही, कारण तो ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला खडक आहे. सगळ्या बाजूंनी सारख्याच दाटीने रेषा.

आता त्या माथ्याच्या कडेला भिंग धरा. बारीक फुल्या, एकमेकांवर आडव्या ठेवलेल्या कुदळींची खूण, किंवा वाय आकाराची बोगद्याची खूण दिसली, तर त्या युरेनियमच्या जागा. शिनारम्पच्या तळाशी प्राचीन नद्यांची पात्रं वाळू-गोट्यांनी भरून दगड झालेली आहेत, आणि खनिज साठलं ते त्यांच्यातच. म्हणून खुणा नेमक्या कड्याच्या काठावर येतात. १९४४ ते १९८६ या काळात नवाहो जमिनीतून जवळजवळ ३ कोटी टन खनिज काढलं गेलं आणि पाचशेहून अधिक खाणी तशाच टाकून दिल्या गेल्या. ओल्जातो मेसावरच्या स्कायलाइन खाणीचा किरणोत्सारी कचरा कड्यावरून खाली घरंगळलेला होता. तिथे सफाईचं काम व्हायला २०११ उजाडलं. इतक्या दुर्गम पठाराचे नकाशे १९५०च्या दशकात घाईघाईने का झाले, याचं एक मोठं कारण अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाला हवं असलेलं हेच खनिज. मेंढपाळांना वाटा सापडाव्यात म्हणून कोणी विमानं उडवत नव्हतं. त्या खुणांच्या जवळ जाऊ नका, दगड उचलून खिशात घालू नका.

काळी शाई म्हणजे माणसांनी केलेल्या गोष्टी: घरं, वाटा, शाळा, दुकानं. इथे नकाशा आणि प्रत्यक्ष जगणं यांचं जुळत नाही.

भरलेला काळा चौकोन म्हणजे राहतं घर, पोकळ चौकोन म्हणजे कोठार किंवा गोठा, अशी जुनी रीत. काही पत्रकांवर चौकोनाशेजारी 'होगन' असंही छापलेलं असतं. होगन म्हणजे लाकूड-मातीचं, सहा किंवा आठ बाजूंचं, पूर्वेला दार असलेलं नवाहोंचं पारंपरिक घर. आपण सवयीने चौकोन मोजतो आणि म्हणतो, इथे बारा घरांचं गाव. तसं नसतं. नवाहोंमध्ये कूळ आईकडून चालतं. पूर्वी लग्नानंतर बहुधा नवरा बायकोच्या माणसांत राहायला यायचा. त्यामुळे जवळजवळचे तीन-चार चौकोन म्हणजे एक आई, तिच्या मुली आणि त्यांचे संसार. पुढचा पुंजका तीन मैलांवर. शिवाय मेंढ्यांमागे हिवाळ्याची जागा वेगळी, उन्हाळ्याची वेगळी. विमानाने वरून फोटो घेतला त्या महिन्यात कुटुंब यातल्या एकाच ठिकाणी होतं, पण छप्परं दोन्हीकडची दिसली आणि दोन्ही छापली गेली. त्यात घरात मृत्यू झाला तर तो होगन सोडून देण्याची जुनी चाल आहे. असे सोडलेले होगनही वरून छप्परासारखेच दिसतात. तपासणीला आलेल्या माणसाने कोणाला विचारलं असेल तर ते गळले असतील. विचारलं नसेल तर काळा चौकोन उमटला. माझ्या अनुभवात दुसरा प्रकार बराच.

उलट बाजूने, कोणत्या कुटुंबाच्या मेंढ्या कुठपर्यंत चरतात याच्या हद्दी तिथल्या प्रत्येकाला पाठ असतात. नकाशावर त्यांची एकही रेघ नाही.

मोठ्या टायपात काय छापलंय बघा: ट्रेडिंग पोस्ट. लोकर, गालिचे आणि दागिने घेऊन पीठ, कॉफी, कापड देणारं दुकान. ओल्जातोला असं पहिलं दुकान जॉन आणि लुइझा वेदरिल या दांपत्याने १९०६ मध्ये थाटलं. त्यासाठी त्यांना तिथल्या होस्किनिनी या वृद्ध नवाहो पुढाऱ्याची संमती घ्यावी लागली. हा तोच माणूस, जो १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने नवाहोंना घर सोडून करायला लावलेल्या सक्तीच्या पायपिटीतून, 'लाँग वॉक'मधून, निसटून आपल्या लोकांसह नवाहो पर्वताकडे लपून राहिला होता. वर ज्या मेसावर तुम्ही बोट फिरवलं त्याला त्याचंच नाव आहे. वेदरिल १९१० मध्ये कायेंटाला गेले. नकाशावर दिसतं ते १९२१ सालचं नंतरचं दुकान, तेही आता बंद आहे. जुन्या कागदपत्रांत शोधताना 'ओल्जेटो' हेही स्पेलिंग वापरून बघा, नाहीतर निम्मी पत्रकं सापडणारच नाहीत.

शाळेच्या खुणेवरूनही वय काढता येतं. युटाहच्या या कोपऱ्यात माध्यमिक शाळाच नव्हती. मुलं बसने दूर ब्लँडिंगला जायची. पालकांनी १९७४ मध्ये कोर्टात दावा लावला आणि त्यातून मॉन्युमेंट व्हॅलीची शाळा १९८३ मध्ये उभी राहिली. तुमच्या नकाशावर ती असेल, तर कागद वाटतो तितका जुना नाही.

लाल शाई जवळजवळ नसेल, आणि त्याचं आश्चर्य वाटू देऊ नका. अमेरिकेत इतरत्र सहा मैलांच्या चौकटी आणि त्यांत एकेक मैलाचे ३६ तुकडे अशी लाल जाळी असते. जमीन विकायला ती सोयीची. नवाहो राष्ट्राची (नवाहोंच्या स्वशासित प्रदेशाची) जमीन विश्वस्त पद्धतीची, म्हणजे केंद्र सरकारने जमातीसाठी राखून ठेवलेली, विकायची नाही, म्हणून बऱ्याच भागात जाळी अर्धवट किंवा गायब. सॅन वान नदीच्या दक्षिणेचा हा पट्टा सरकारी हुकमाने १८८४ मध्ये राखीव क्षेत्रात आला. १८९२ मध्ये त्याचा पश्चिमेकडचा भाग, ज्याला पायूट स्ट्रिप म्हणतात, काढून घेतला गेला आणि १९३३ मध्ये परत दिला गेला. ओल्जातो त्यातच मोडतं. राज्यसीमा ३७ अंश अक्षांशावर, आणि पत्रकाची कडही तिथेच. वस्ती त्या कडेपासून दोनच मिनिटं उत्तरेला. म्हणजे १:६२,५००च्या कागदावर खालून जेमतेम सहा सेंटीमीटर. माणसांचं येणं-जाणं, बाजार, सोयरीक सगळं दक्षिणेकडे, आणि ते पुढच्या पत्रकात. शक्य असेल तर त्याच मालिकेतलं दक्षिणेचं पत्रकही मिळवा.

कुठे जांभळा रंग दिसला तर डाग समजू नका. नंतरच्या फोटोंवरून घातलेली ती भर असते. जागेवर तपासणी न करता केलेली, असं खात्यानेच तळाशी लिहून ठेवलेलं असतं.

आता फिरण्याचं. डोंगर ओळखायला नकाशा जरूर न्या. वाट शोधायला नको. त्याला तांत्रिक कारणं दोन. होकायंत्राचा उत्तर आणि खरा उत्तर यांतला फरक १९५०-६०च्या सुमारास तिथे साधारण १४ अंश पूर्व होता, आता १०च्या आत आला आहे. छापील आकडा तसाच धरलात तर पाच किलोमीटर चालल्यावर साडेतीनशे मीटर बाजूला पोचाल. दुसरं, जुनी पत्रकं १९२७च्या डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजण्याच्या मूळ चौकटीवर) आहेत आणि तुमचा फोन डब्ल्यूजीएस ८४ ही नवी चौकट वापरतो. यूटीएमच्या (मीटरमध्ये मोजणाऱ्या जाळीच्या) आकड्यांत उत्तर-दक्षिण सुमारे २०० मीटरचा फरक पडतो. आपल्या जुन्या टोपोशीटवर पृथ्वीचा आकार धरण्याच्या जुन्या पद्धतीमुळे, एव्हरेस्ट गोलाभामुळे, होतं तसंच.

त्याहून मोठं कारण असं, की नकाशावरची तुटक रेघ, ज्याला तुम्ही जीपची वाट समजाल, ती बहुतेकदा कोणाच्या तरी अंगणात संपते. तिथे मुख्य रस्ता सोडून फिरायला नवाहो राष्ट्राच्या पार्क खात्याचा परवाना लागतो, आणि ट्रायबल पार्कमध्ये आडवाटेला स्थानिक वाटाड्याबरोबरच जायचं. ड्रोन चालत नाही. न विचारता माणसांचे किंवा घरांचे फोटो काढू नका. जुन्या पत्रकांवर कुठे 'रुइन्स' (प्राचीन अवशेष) लिहिलेलं असेल तर तिथलं खापरसुद्धा हलवणं गुन्हा आहे. आणि जाता जाता: दिवाळी ऑक्टोबरात आली तर फिनिक्सहून निघाल्यावर घड्याळ एक तास पुढे करा. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची पद्धत, म्हणजे उन्हाळी वेळ, ॲरिझोना पाळत नाही, युटाह आणि नवाहो राष्ट्र पाळतात. गाइडची वेळ चुकते ती इथेच.

किमतीबद्दल अपेक्षा माफक ठेवा. ही पत्रकं दुर्मीळ नाहीत. यूएसजीएसने १८८४ पासूनचे आपले टोपो नकाशे स्कॅन करून फुकट उपलब्ध केले आहेत. टोपोव्ह्यू या त्यांच्या साइटवर ओल्जातोवर टिचकी मारली की वेगवेगळ्या काळातली सगळी पत्रकं एकाखाली एक मिळतात. तुमचं पत्रक त्यांत शोधा आणि त्याच्या आधीचं व नंतरचंही उतरवून घ्या. ती फाइल आधीच अक्षांश-रेखांशांना बांधलेली असते, त्यामुळे घरी स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये कोपरे जुळवत बसायची गरज नाही. अव्हेंझासारख्या, फोनवर नकाशे उघडणाऱ्या ॲपमध्ये टाकली की डेटमचा हिशेब ते ॲपच करतं. २००९ पासूनच्या नव्या 'यूएस टोपो' मालिकेशीही ताडून बघा. ती संगणकातल्या माहितीसाठ्यांवरून तयार होते, त्यामुळे रस्ते ताजे असतात, पण पवनचक्क्या, पायवाटा, एकटी घरं यांतलं बरंचसं गळलेलं. या बाबतीत तुमचा जुना कागद जास्त बोलका आहे.

कागदाला लॅमिनेशन करू नका, आणि मागून सेलोटेप तर अजिबात नको. घडीवर फाटत असेल तर सपाट ठेवून आम्लरहित कागदात गुंडाळा. फ्रेम करायची असेल तर ऊन न येणाऱ्या भिंतीवर, आणि तळाची पट्टी माउंटखाली झाकू देऊ नका. फोटोचं साल, तपासणीचं साल, विक्रीचा पत्ता सगळं तिथेच आहे. फ्रेमवाले पहिल्यांदा तीच कापतात. नकाशाच्या त्या खालच्या डाव्या कोपऱ्याचा फोटो काढून पाठवलात तर नेमकं साल सांगता येईल.